दुकान बंद झालं, मग अनुभव कुठं गेला? नागपुरातल्या एका स्पा थेरपिस्टचं प्रकरण

स्पात काम करणाऱ्या मुलींना नागपुरात नोकरी मिळते का, असं पालक विचारतात तेव्हा मी 'मिळते' असं सरळ सांगते. धरमपेठ, रामदासपेठ, सदर, मनीषनगर, वर्धा रोड, कुठंही चौकशी करा, चांगला हात असलेली थेरपिस्ट मालकांना कायम हवी असते. अडचण दुसऱ्या नोकरीला येते. पहिली सुटल्यावर मधली वर्षं कुठं गेली, काय केलं, हे सिद्ध करायला तिच्याजवळ काय असतं? बहुतेक वेळा काहीच नसतं. पुढचं प्रकरण त्याचंच आहे.

प्रशिक्षणाच्या वर्गात चर्चेसाठी मी हे प्रकरण वापरते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नाव, दुकान, इमारत काही दिलेलं नाही, आणि काही तपशील अशाच परिस्थितीतल्या इतर बायांच्या अनुभवातून जोडले आहेत. पगाराचे आकडे या प्रकरणापुरते आहेत. सगळ्या शहराचा दर म्हणून ते वाचू नयेत.

ती आणि तिचं काम

वय 31. दहावी पास, बारावी अर्धवट. घर दिघोरीकडे, नवरा कळमन्याच्या एका गोदामात, घरात सासू, मुलगी दुसरीत. लग्नाआधी तिनं पार्लरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि थ्रेडिंग-फेशियल करत दोन वर्षं काढली होती. 2019 मध्ये पश्चिम नागपुरातल्या एका स्पात ती मदतनीस म्हणून लागली. टॉवेल गुंडाळायचे, तेल कोमट करायचं, खोली आवरायची. तिथं मणिपूरहून आलेली एक सीनियर थेरपिस्ट होती. तिनं हिचे हात पाहिले आणि फावल्या वेळात शिकवायला घेतलं.

हे शिकणं कसं असतं ते सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना मालिश म्हणजे नुसतं तेल चोळणं वाटतं. स्वीडिश पद्धतीत आधी लांब, सरकते हात. मग स्नायू पिळून उचलणं. मग घर्षण, थापट्या, कंप. पाय असेल तर दाब टाचेकडून वर, हृदयाच्या दिशेनं. व्हेरिकोज व्हेन्स दिसल्या तर त्यावर दाब नाही. ताप असेल, त्वचेवर पुरळ-चट्टे असतील, पोटरी एकाच पायाची सुजलेली आणि गरम असेल, तर मालिश करायचीच नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. गरोदर बाईचे पहिले तीन महिने टाळायचे. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. एका मोठ्या माणसाला तिनं नुसती पोटरी पाहून परत पाठवलं, मालकाची बोलणी खाल्ली, आणि त्या माणसाच्या मुलीनं नंतर फोन करून आभार मानले, हे तिनं मला अगदी सहज सांगितलं. तिच्या लेखी ती रोजच्या कामाची गोष्ट होती. अशा बाईला जगात कुठंही कुशल कामगार म्हणतील.

मग करोना आला. मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. जूनच्या शेवटी राज्यात सलून-पार्लर मर्यादित कामांसाठी उघडले, स्पा मात्र त्यानंतरही बराच काळ बंद राहिले. त्या काळात तिनं मास्क शिवले, डबे दिले. दुकान उघडल्यावर मालकानं बोलावलं, ती परत गेली. मणिपूरची ताई गावी गेली ती आलीच नाही. त्यानंतर दुकानातली सगळ्यात अनुभवी थेरपिस्ट हीच झाली.

महिन्याचं गणित असं होतं. बांधलेला पगार 12,000. प्रत्येक सेशनमागे 80 रुपये. दिवसाला सरासरी तीन सेशन आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर 6,000. टिप साधारण 4,000. एकूण 22,000 च्या घरात. लग्नसराईत आणि डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनामुळे हॉटेलं भरलेली असताना, आणखी दोन-तीन हजार वर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपार रिकामी. दिघोरीतल्या तिच्या वयाच्या, तिच्याएवढं शिकलेल्या बायांच्या मानानं ही कमाई चांगलीच होती.

यातला एक रुपयाही कुठं नोंदलेला नव्हता. पगार पाकिटात, रोख. नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही, हजेरीची वही मालकाच्या खणात. दुकानात सात माणसं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला पूर्ण नोंदणी लागत नव्हती, नुसती सूचना दिली की पुरे. भविष्यनिर्वाह निधी वीस कामगारांपासून सुरू होतो. म्हणजे नोंदणी आणि निधीच्या बाबतीत मालकानं कायदा मोडला असं म्हणता येत नाही. नागपुरातले बरेचसे स्पा याच आकाराचे आहेत. नोकऱ्या आहेत त्या इथंच, आणि कागद नसतो तोही इथंच.

2025 चा फेब्रुवारी

तिच्या स्पाच्या वरच्या मजल्यावर दुसरा स्पा होता. तिथं पोलिसांची धाड पडली. बनावट ग्राहक पाठवून केलेली, नेहमीच्या पद्धतीची. पिटा, म्हणजे 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, लागला. दुसऱ्या दिवशी पेपरात 'स्पाच्या नावाखाली' या शब्दांनी सुरू होणारी बातमी आली, त्यात इमारतीचं नाव आलं. आठवड्याभरात इमारतीच्या मालकानं खालच्या स्पालाही जागा सोडायला सांगितली. तिच्या मालकानं एका रविवारी शटर ओढलं, पाट्या काढल्या आणि फोन बंद केला. दीड महिन्याचा पगार बाकी होता.

वर काय चालत होतं हे मला माहीत नाही आणि या प्रकरणात ते महत्त्वाचंही नाही. महत्त्वाचं हे, की खालच्या सात जणांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता आणि फटका त्यांनाही तेवढाच बसला. ज्या स्पात शोषण होतं तिथं पोलिसांनी गेलंच पाहिजे, आणि तिथून एखादी मुलगी सुटली तर तो दिवस चांगला. पण प्रामाणिकपणे काम करणाऱ्या थेरपिस्टला त्या दिवशी 'मी ती नाही' हे दाखवता आलं पाहिजे, आणि ते तोंडानं दाखवता येत नाही.

याचं दुसरं टोक दिल्लीत दिसलं होतं. तिथं 2021 मध्ये स्पांसाठी नियम आले आणि स्त्रीनं पुरुषाला व पुरुषानं स्त्रीला मसाज देण्यावरच बंदी घातली गेली. त्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं या बंदीला स्थगिती दिली. सरसकट बंदीनं गैरप्रकार थांबतील याला आधार दिसत नाही, असा न्यायालयाचा सूर होता. बहुतेक ग्राहक पुरुष आणि बहुतेक थेरपिस्ट बाया, अशा धंद्यात अशी बंदी म्हणजे अर्ध्याहून जास्त काम एका दिवसात जाणं. धोका आहे म्हणून काम बंद करायचं, की काम नियमात आणायचं, हा प्रश्न नागपुरातही आज ना उद्या येणार आहे.

शटर पडल्यावर तिला सगळ्यात आधी फोन आले ते ग्राहकांचे. काहींनी दहा सेशनचं पॅकेज आगाऊ भरलं होतं, त्यातली चार-पाच वापरली होती. पैसे मालकाकडे आणि नंबर हिचा. तिनं प्रत्येकीला ऐकून घेतलं. तिघींना तिनं घरी जाऊन एकेक सेशन फुकट दिलं. मी म्हटलं, तुझा काय संबंध? ती म्हणाली, "पैसे त्यायनं खाल्ले मॅडम, पण नाव तर माझं घेऊन राहिल्या ना त्या."

पहिली मुलाखत

वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात जागा निघाली होती. हॉटेलातला स्पा पुष्कळदा हॉटेलचा नसतो, बाहेरची कंपनी तो चालवायला घेते, आणि नेमणूकपत्रावर त्या कंपनीचं नाव असतं. थेरपिस्टची मुलाखत खुर्चीत बसून होत नाही. स्पा मॅनेजर स्वतः टेबलावर झोपते आणि अर्धा तास हात पाहते. हिचा हात पाहून मॅनेजर उठली तेव्हा तिनं पहिलाच प्रश्न विचारला, कुठं शिकलीस?

मग एचआरची फेरी. प्रमाणपत्र? पार्लरच्या कोर्सचं आहे, स्पाचं नाही. अनुभवाचा दाखला? नाही. मागच्या मालकाचा नंबर? लावला, बंद. तीन महिन्यांची पगारपत्रकं? नाहीत. बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी? नाहीत. दुकान कुठल्या इमारतीत होतं? तिनं खरं सांगितलं. समोरच्या बाईचा चेहरा बदलला. "हात पाहिला ना मॅडम तुमी, कागद काऊन पाहून राहिले?" असं तिला म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही.

हॉटेलनं तिला नाकारलं नाही. असिस्टंट म्हणून, नवशिक्या मुलीच्या श्रेणीत घेतो म्हणाले. एकूण पगार 17,000. त्यातून निधीचे 1,440 आणि राज्य कामगार विम्याचे 128 कापून हातात 15,432. सहा वर्षांपूर्वी दहावी झालेली मुलगी आज कोर्स करून आली असती तर तिलाही हेच मिळालं असतं.

माझ्या मते सगळं प्रकरण या एका आकड्यात आहे. या धंद्यात पुढे सरकण्याची शिडी कागदावर आहे: असिस्टंट, थेरपिस्ट, सीनियर, प्रशिक्षक, मॅनेजर. पण दुकान बदललं की बहुतेक बायांना पुन्हा पहिल्या पायरीवर उभं केलं जातं. मॅनेजरच्या खुर्चीवर तर पुष्कळदा फ्रंट डेस्कवरची मुलगी बसते, कारण तिला इंग्रजी येतं, ती मेंबरशिप विकते आणि तिची विक्री संगणकात नोंदलेली असते. थेरपिस्टचं काम बंद दाराआड होतं आणि टॉवेल धुतला की त्याची खूण उरत नाही.

बाकीच्या वाटा

पेंचच्या बाजूच्या एका रिसॉर्टचा निरोप आला. राहणं-खाणं आणि 18,000. जंगल रिसॉर्टात काम बरं असतं. सकाळच्या सफारीत जिप्सीतून अंग खिळखिळं करून आलेले पाहुणे दुपारी स्वतःहून स्पात येतात. पण महिन्याला चार सुट्ट्या, आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर जंगलाचा गाभा बंद, तेव्हा पगार अर्धा. मुलगी दुसरीत असताना हे शक्यच नव्हतं. एकट्या, धडपडणाऱ्या मुलीला मात्र मी ही वाट नेहमी सुचवते. दोन हंगाम केले की अनुभवाचा दाखला मिळतो आणि पैसे उरतात.

परदेशाचं आमिष आलं ते व्हॉट्सॲपवर. दुबई, 45,000, तिकीट मोफत. "ताई, व्हिसा चार दिवसांत येऊन जाते." व्हिसा कुठला, तर व्हिजिट. पर्यटनाच्या व्हिसावर तिथं काम करता येत नाही. पकडलं तर दंड कामगारालाही. भारतातून कामगार पाठवणारा दलाल परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला असावा लागतो आणि तो कामगाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. हा माणूस यादीत नव्हता आणि 80,000 मागत होता. विषय तिथंच संपला. आखातात आणि मालदीवमध्ये भारतीय थेरपिस्टना खरोखर चांगल्या नोकऱ्या आहेत, पण त्या मागतात दोन वर्षांचा नोंदलेला अनुभव आणि प्रमाणपत्र. पुन्हा तेच.

घरपोच सेवेच्या ॲपवर जायचा सल्ला तिच्या मैत्रिणीनं दिला. कमाई बरी दिसते. पण प्रशिक्षण, घडीचं टेबल, तेलं मिळून पंचवीस हजारांवर आधी घालायचे, स्कूटीवर टेबल बांधून तिसऱ्या मजल्यावर चढवायचं, आणि रेटिंग घसरलं की आयडी बंद. ॲपवरची बाई कामगार नसते, 'पार्टनर' असते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या पहिल्यांदा आली आणि कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा त्यांच्यासाठी द्यायची तरतूद झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये मात्र ती लागू झालेली नव्हती, आणि हिच्याजवळ आधी घालायला पंचवीस हजार नव्हते.

राहिला वैद्यांचा दवाखाना. सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, हनुमाननगरला श्री आयुर्वेद महाविद्यालय, त्यामुळे दक्षिण नागपुरात वैद्यांची खाजगी पंचकर्म केंद्रं ठिकठिकाणी आहेत. हिच्या घरापासून स्कूटीवर पंधरा मिनिटांवरच्या एका केंद्राला बाई थेरपिस्ट हवी होती. स्त्री रुग्णाला स्त्रीनंच स्नेहन, म्हणजे तेल लावून मालिश, द्यायचं हा तिथला शिरस्ता, आणि आधीची मुलगी लग्न होऊन अमरावतीला गेलेली.

हे काम स्पाहून वेगळं आहे. वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण ही पाच मुख्य कर्मं वैद्यांची जबाबदारी. थेरपिस्ट करते ते त्याआधीचं स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे शेक देऊन घाम आणणं: अंगभर तेल लावायचं अभ्यंग, पाल्याच्या पुरचुंडीनं शेकायची पत्रपोटली, नळीतून वाफ द्यायचा नाडीस्वेद, शिवाय कटिबस्ती, शिरोधारा. शिरोधारेत तेलाची धार अर्धा-पाऊण तास कपाळावर एका लयीत धरायची, उष्णता बदलू द्यायची नाही. कटिबस्तीत उडदाच्या पिठाचं पाळं कमरेवर बसवताना तेल गळू द्यायचं नाही. तिला स्वीडिशचे हात असल्यानं अभ्यंग दोन दिवसांत जमलं, पोटलीला आठवडा लागला. वेळ सकाळी आठ ते तीन, रविवार बंद. मुलगी शाळेतून यायच्या वेळी घरी. पगार सांगितला 13,000. टिप नाही, इन्सेंटिव्ह नाही.

मोजणी

आम्ही दोघी वहीवर बसलो. हॉटेलचा हातात येणारा पगार 15,432, त्यातून पेट्रोलचे सुमारे दीड हजार वजा. दिघोरीहून म्हाळगीनगर, मानेवाडा, छत्रपती चौक करत वर्धा रोडवर जाऊन-येऊन रोजचे पंचवीस किलोमीटर होतात, आणि दिघोरीला मेट्रो नाही. ड्युटी एक आड एक आठवडा रात्री दहापर्यंत. दुकाने कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही आणि थांबवलं तर सुरक्षेची, घरी पोचवायची सोय द्यावी लागते. हॉटेल गाडी देत होतं, पण छत्रपती चौकापर्यंतच.

तरी माझं मत हॉटेलच्या बाजूचं होतं, आणि अजूनही आहे. निधी सुरू झाला की यूएएन, म्हणजे निधीच्या खात्याचा कायमचा क्रमांक, मिळतो, आणि तुम्ही अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी काम केलं ही नोंद सरकारच्या खात्यात राहते. मालकाचा फोन बंद झाला तरी ती पुसत नाही. कामगार विम्यात 21,000 पर्यंतच्या पगाराला आजारपणाची भरपाई आहे, सोमवारी पेठेत रुग्णालय आहे. थेरपिस्टचे आधी अंगठे जातात, मग मनगट, मग कंबर. हिचा उजवा अंगठा मुळाशी दुखायला लागला होता. टेबल मुठीच्या उंचीला घ्यायचं, अंगठ्याऐवजी कोपर आणि पुढचा हात वापरायचा, जोर खांद्यातून न देता एक पाय मागे टाकून अंगाच्या भारानं द्यायचा, हे सगळं केलं तरी दिवसाला चारपेक्षा जास्त सेशन दहा वर्षं कुणी करू शकत नाही. त्या दिवसांसाठी विमा हवा.

आणखी एक गोष्ट. ग्राहकानं हात धरला, घाणेरडं बोलला, तर हॉटेलात 2013 च्या कायद्यानं अंतर्गत समिती असतेच. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी ती नसते. तिथल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं. ही समिती असते हे मला भेटलेल्या स्पामधल्या एकीलाही माहीत नव्हतं, म्हणून इथं मुद्दाम लिहिते.

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मॅडम, रात्री साडेदहाले गाडीतून उतरणारी बाई, अन् तीही स्पातली. आमच्या लाइनीत काय बोलतील ते मी ऐकून घेईन. माझ्या पोरीले शाळेत ऐकायले लागेल ते नाही चालणार." सासूचा कौलही दवाखान्याकडे होता: "वैद्याकडे जाते म्हनता येते." सहा वर्षं घरात 'पार्लरला जाते' असंच सांगितलं जात होतं.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण दवाखान्यात जायचं तर कागदासकट जायचं, एवढं आम्ही ठरवलं.

कागद उभे करणं

हा भाग सगळ्यात जास्त वेळ खाणारा, आणि बाकीच्या बायांना उपयोगी पडणारा.

सहा वर्षांचा पुरावा नाही म्हणतो तेव्हा तो अगदीच नसतो, विखुरलेला असतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मालकानं रोज टाकलेलं ड्युटीचं पत्रक होतं. टिपा यूपीआयनं आलेल्या, त्यांच्या तारखा बँकेच्या उताऱ्यावर. मालकाचे 'उद्या लवकर ये, तीन बुकिंग आहेत' असे मेसेज. दुकानाच्या जुन्या जाहिरातीत गणवेशातला फोटो. हे सगळं तारखेवार छापून फाइल केली. दोन नियमित ग्राहकांनी, त्यातली एक निवृत्त शिक्षिका, साध्या कागदावर लिहून दिलं की ही बाई अमुक वर्षांपासून अमुक ठिकाणी मसाज देत होती आणि तिचं वागणं चोख आहे.

हीच फाइल बाकी पगारासाठी लागली. मालकाच्या घरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस गेली, प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. पंधरवड्यानं मालकाचा फोन चालू झाला. मूळ पगाराचे 18,000 बाकी होते, 15,000 आले. इन्सेंटिव्ह बुडालं. तिनं त्या पैशांसोबत आणखी एक गोष्ट मागून घेतली: दुकानाच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला, 2019 ते 2025, पद थेरपिस्ट. माझ्या लेखी बुडालेल्या तीन हजारांपेक्षा त्या पानाची किंमत जास्त.

मग प्रमाणपत्र. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. आधीच काम येणाऱ्या माणसाला नव्यानं महिनोन्महिने शिकावं लागत नाही. थोडं उजळणीचं प्रशिक्षण आणि मग परीक्षा. या क्षेत्राचं काम ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलकडे. त्यांच्याकडे असिस्टंट स्पा थेरपिस्ट ही तिसरी पातळी आणि स्पा थेरपिस्ट ही चौथी. तिनं थेट चौथीची परीक्षा द्यावी असा मी आग्रह धरला. तुकड्या बाराही महिने निघत नाहीत, तिला पावसाळ्यापर्यंत थांबावं लागलं. प्रात्यक्षिकात अडचण नव्हतीच. लेखी भागात स्वच्छतेच्या रसायनांची नावं अडली, ती मुलीला विचारायला लावून पाठ केली.

एक खंत इथं नोंदवते. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात नाभिकाचं काम आहे, आणि ते असायलाच हवं. मालिशवाल्या बाईचं काम नाही. बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना तेल लावणारी मावशी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. तिला ना ओळखपत्र, ना अवजारांसाठी मदत, ना प्रमाणपत्र.

वैद्यांशी बोलणी तिनं स्वतः केली. दाखला आणि फाइल समोर ठेवली आणि तीन गोष्टी मागितल्या: नेमणूकपत्र, पगार बँकेत, प्रमाणपत्र मिळाल्यावर वाढ. वैद्य थोडे चकित झाले; आधी कुणी मागितलं नव्हतं. पण त्यांना बाई हवी होती आणि हिचे हात त्यांनी पाहिले होते. एप्रिलपासून 13,000, प्रमाणपत्र आल्यावर 14,500. सहा माणसांचा दवाखाना, त्यामुळे निधी-विमा नाही. त्याऐवजी तिनं ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी केली आणि अटल पेन्शनचा हप्ता सुरू केला. विम्याची उणीव भरून निघाली असं मी म्हणणार नाही.

नंतर

उरलेली कमाई आली ती बाळंतिणींच्या मालिशीतून. वैद्यांकडे येणाऱ्या एका बाईच्या सुनेपासून सुरुवात झाली. दुपारी चारनंतर एक घर, आई आणि बाळ मिळून रोजचे 500. सिझेरियन झालेलं असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय ती पोटाला हात लावत नाही, आणि हे ती पहिल्याच दिवशी घरच्या मोठ्या बाईला सांगते. त्यामुळे दोन घरं हातची गेली आणि चार नवी आली. घर मिळालं त्या महिन्यात एकूण 28,000 पर्यंत, नाही मिळालं त्या महिन्यात साडेचौदाच. सरासरीनं ती जुन्या कमाईच्या आसपास पोचली आहे, थोडी कमीच. अंगठ्याला आराम आहे.

दरम्यान दोन बदल झाले. 22 सप्टेंबर 2025 पासून सलून-स्पाच्या सेवांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, कच्च्या मालावरच्या कराची वजावट मात्र गेली. ग्राहक वाढतील अशी मालकांची आशा आहे. पगार वाढल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, ज्यात नेमणूकपत्रावर भर आहे. सात माणसांच्या स्पापर्यंत तो कसा पोचतो हे पाहायचं आहे.

तिच्या सोबतच्या सहा जणांपैकी एक पेंचला गेली, एक ॲपवर आहे, एक सीताबर्डीला साडीच्या दुकानात. फ्रंट डेस्कवरच्या मुलीला आठवड्यात नोकरी मिळाली. सोबतचा पुरुष थेरपिस्ट पुण्याला गेला. नागपुरात पुरुषांना या कामात जागाच फार थोड्या आहेत. मदतनीस पोरीचा पत्ता लागत नाही.

आणि वरच्या मजल्यावरच्या स्पातली एक. तीही थेरपिस्ट, पंचवीस वर्षांची, धाडीच्या दिवशी कामावर होती. तिच्यावर गुन्हा नाही. कायद्याच्या कलम 17 प्रमाणे तिला दंडाधिकाऱ्यांपुढे नेलं, काही दिवस सुधारगृहात ठेवलं आणि चौकशीनंतर आईच्या ताब्यात दिलं. तेव्हापासून तिला कुणी उभं करत नाही. हिनंच तिला माझ्याकडे आणलं. दंडाधिकाऱ्यांच्या त्या आदेशावरून ती आरोपी नाही हे दाखवता येईल, पण त्याची प्रत तिच्याजवळ नाही. कुणी मागून घ्यायला सांगितलं नव्हतं. बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. त्या वकिलामार्फत आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज दिला आहे. प्रत आली की आरपीएलच्या पुढच्या तुकडीत तिचं नाव घालायचं आहे, आणि वैद्यांच्या ओळखीतल्या आणखी एका केंद्राला बाई हवी आहे.